पंचांग पुढच्या दारी, पत्ते मागच्या दारी

आमच्या घरी भविष्य दोन दारांनी सांगितलं जाई. पुढच्या दारी दादा, म्हणजे माझे वडील, पंचांग घेऊन बसायचे, आणि मागच्या दारी, स्वयंपाकघरात, आईच्या शेगडीपासून हातभर अंतरावर, मी पत्ते मांडून बसायची. पुढून येणाऱ्याला चहा कपबशीत मिळायचा, मागून येणारीला स्टीलच्या पेल्यात. हा भेद आईने केलेला होता आणि तो का, हे तिला कधी कोणी विचारलं नाही. मानवतसारख्या गावात एका घरात दोन भविष्यं नांदली तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पुढून येणारे बहुतेक पुरुष असत, मागून येणाऱ्या सगळ्या बायका, आणि आपण कुठे काय विचारून आलो हे नवरा-बायकोंनी एकमेकांना सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

घर म्हणजे मोंढ्याच्या, कापूस-धान्याच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीतल्या तीन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर सकाळपासून सुरू व्हायची ती इतकी अंगवळणी पडलेली की वीज गेली आणि ती थांबली म्हणजे आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. हवेत कापूस तरंगायचा. वरणात एखादा तंतू निघाला तर आमच्याकडे तक्रार करायची नाही, बाजूला काढायचा आणि जेवायचं. आई रविवारी सुशीला करायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वरून शेंगदाण्याचा कूट आणि भरपूर कोथिंबीर घातलेला, आणि तो खाता खाता दादा आठवड्याच्या पत्रिका पुढे ओढायचे. दादांचं बोलणं कमी. पत्रिका बघताना ते नुसतं "हूं" म्हणायचे. पण त्या "हूं"मध्ये इतका वजनदारपणा असे की समोरचा माणूस घरी जाऊन सांगायचा, महाराजांनी सगळं तपशीलवार सांगितलं.

पत्ते आले ते हैदराबादहून. माझी आतेबहीण नीलमताई तिकडे दिली होती. तिच्या शेजारी एक बाई असले पत्ते बघायची आणि केबलवरही कोणीतरी सकाळी ते मांडून बसायचं, म्हणून ताईने हौसेने एक जोड घेतला, महिनाभर खेळली आणि कंटाळली. माहेरपणाला आली तेव्हा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "घे गं बाई, तू बीए करायलीस ना इंग्रजी घेऊन, तुलाच कळेल हे. मला तर दिमाखाला ताप झाला." अठ्ठ्याहत्तर पत्ते आणि सोबत बारीक अक्षरातलं इंग्रजी पुस्तक. बीएला माझं इंग्रजी म्हणजे मार्गदर्शक आणि पाठांतर, पण हे पुस्तक मी शब्दकोश घेऊन असं वाचलं की तेवढं मन लावून अभ्यासक्रमातलं काही वाचलं असतं तर आज कुठे असते कोण जाणे. पुढे आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ते मी कुठे शिकले हे मुख्याध्यापकांना सांगायची वेळ आली नाही, हे बरं झालं.

दादांपासून लपवायचा विचार होता, तो दुसऱ्याच दिवशी फसला. ते पाणी प्यायला आत आले आणि पाटावर मांडलेले पत्ते बघून थांबले. वाकून त्यांनी एक उचलला. एक माणूस झाडाला एका पायाने उलटा टांगलेला आणि चेहरा अगदी शांत.

"हे काय?"

"टॅरो म्हणतात दादा याला. परदेशात यावरून भविष्य बघतात."

दादांनी पत्ता जवळ नेला, लांब नेला. "याची साडेसाती चालू दिसायली," एवढंच म्हणाले आणि पाणी पिऊन बाहेर गेले. मी ती परवानगी समजले. आईने नियम घातला: पत्ते देवघरात ठेवायचे नाहीत आणि चपलांजवळही नाहीत. मग मधली जागा म्हणून चहा-साखरेच्या डब्यांच्या फळीवर त्यांची सोय झाली. त्यामुळे माझ्या पहिल्या जोडाला वर्षभर वेलदोड्याचा वास होता आणि बायकांना वाटायचं तो परदेशी वास आहे.

पहिल्या आल्या त्या पलीकडच्या गल्लीतल्या कमलबाई. त्यांचे यजमान तहसिलीत कारकून होते आणि बदलीच्या यादीची वाट बघून बाई हैराण झाल्या होत्या. मी तीन पत्ते काढले. एकात नाव होती, तीत बसून काही माणसं पलीकडच्या काठाला चालली होती. आता पुस्तक न वाचताही कोणीही काय सांगेल तेच मी सांगितलं: जावं लागेल, पण पाणी शांत आहे. पंधरा दिवसांत बदली पाथरीला झाली, म्हणजे सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत यावं इतकी शांत. कमलबाईंनी गावभर केलं. वास्तविक बदली व्हायचीच होती, कारकुनाची बदली होणार हे सांगायला पत्ते कशाला लागतात. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझं बरोबर आलं होतं.

मग येणाऱ्या वाढल्या. दुपारी दोन ते चार, भांडी झाल्यावर. कोणी येताना शेंगा आणायची, कोणी पेरू, कोणी फक्त आपली सासू. सासूला बाहेर पडवीत बसवून सून आत विचारायची आणि मग सुनेला बाहेर बसवून सासू. मी दोघींना वेगवेगळं आणि दोघींना आवडेल असं सांगायची. हा गुण माझ्यात कुठून आला असं आई विचारायची आणि पुढच्या खोलीकडे बघायची.

वर्षभरात माझ्याकडे तीन जोड झाले आणि कोणता चांगला यावर स्वयंपाकघरात मतभेद सुरू झाले. दुसरा जोड नीलमताईनेच पाठवला. त्यात सगळे प्राणी होते, कागद गुळगुळीत, कडा सोनेरी. दिसायला देखणा, पण चालला नाही. एका बाईंना म्हैस निघाली. त्यांनी पत्ता बघितला, माझ्याकडे बघितलं, पदर सावरला आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. तिसरा जोड मी स्वतः केला. लोकांकडे आलेल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, सारख्या मापात कापल्या आणि कोऱ्या बाजूवर शाईने चित्रं काढली. इंग्रजी जोडात काठ्या होत्या तिथे मी कापसाच्या पऱ्हाट्या काढल्या, तलवारींच्या जागी विळे, पेल्यांच्या जागी तांबे. राजाला फेटा बांधला. राणीला आमच्या शेजारच्या काकूंचं नाक दिलं, ते त्यांना अजून माहीत नाही. बुरुजावर वीज पडते तो पत्ता मात्र मला जमेना, तेव्हा मी जिनिंगची चिमणी काढली आणि तिच्यावर वीज पाडली.

मला हाच जोड सगळ्यांत आवडायचा. हातात घेतला की मऊ लागायचा, पत्ता बघितला की पुस्तक आठवावं लागायचं नाही. पण बायकांना तो नको असायचा. "हा घरचाच आहे ना गं, तो तुझा विलायती काढ," असं म्हणायच्या. ज्या राण्यांचे कपडे त्यांनी कधी बघितले नाहीत, ज्या किल्ल्यांची नावं त्यांना वाचता येत नव्हती, त्यांच्यावर त्यांचा भरोसा होता. पऱ्हाटी रोज चुलीत घालणाऱ्या बाईला पऱ्हाटी काय भविष्य सांगणार? आता माझ्या लेकीच्या फोनवर सकाळी सकाळी एक मुलगी येते आणि गोड आवाजात सांगते, हा संदेश तुमच्यापर्यंत पोचलाय तो योगायोगाने नाही. तिच्यामागे मेणबत्त्या असतात, स्फटिक असतात. माझ्यामागे लसणाची जुडी होती. बाकी आमच्यात फार फरक आहे असं वाटत नाही.

सुरेखा आली ती याच दिवसांत. वालूरची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होती आणि शिकायला म्हणून मानवतला चुलतीकडे राहायची. सावळी, उंच, वर्गात मागच्या बाकावर बसून सगळं नीट उतरवून घेणारी. तिच्या लग्नाचं ठरत होतं. मुलगा चुडाव्याचा, रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये कामाला. हे मला आधीच माहीत होतं, कारण तिचे वडील गणपतराव दोन पत्रिका घेऊन दादांकडे येऊन गेले होते आणि दादांनी अठ्ठावीस गुण जुळतात असं सांगितलं होतं. मी आतून ऐकलं होतं. ऐकलं तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की झालं, आणखी एक हुशार पोरगी गेली.

ती दुपारी आली, पाटावर बसली आणि बराच वेळ ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. आई भाजणी चाळत होती.

"ताई, माझं बघता का?" ती म्हणाली. "पुढं कसं व्हईल म्हणून."

"लग्नाचं ना?"

तिने मान हलवली. मी आणखी काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, पण तोवर मी पुस्तकाच्या पुढे गेले होते. मी विलायती जोड पिसला, तिला एक पत्ता काढायला सांगितलं. बुरूज निघाला. वरून वीज, खिडक्यांतून जाळ, दोन माणसं डोक्यावर खाली येताहेत. एरवी या पत्त्याला मी घाबरायची आणि बायकांना सांगायची की घराची डागडुजी करून घ्या. पण त्या दिवशी मला तो आवडला. मला वाटलं, तिला जे म्हणायचंय आणि म्हणता येत नाही तेच हे म्हणतंय, आणि आपण तिची सुटका करतोय.

"सुरेखा, हे घर उभं राहणार नाही," मी म्हणाले. आवाज मी जरा खाली आणला होता. तो मला अजून ऐकू येतो आणि अजून लाज वाटते. "पाया चुकलाय. अजून वेळ आहे, तू बाहेर पड."

ती पत्त्याकडे बघत राहिली. "दुसरा काढू का?"

"दुसरा काढायचा नसतो."

हा नियम मी त्याच क्षणी केला. ती उठली, आईच्या पाया पडली, माझ्याही पडायला वाकली तेव्हा मी तिला थांबवलं आणि मनात म्हटलं, एका पोरीचं आयुष्य वाचवलं. आई चाळण आपटत म्हणाली, "चेहरा का उतरला गं तिचा?" मी म्हणाले, सत्य ऐकल्यावर उतरतोच.

आठवड्याने गणपतराव आले. पुढच्या दाराने आले, पण बसले नाहीत. मी आत ज्वारी निवडत होते. मोठा माणूस, आवाज चढवायची सवय नसलेला, त्यामुळे तो आणखी लागत होता.

"महाराज, तुमी अठ्ठावीस गुण म्हणलात. आमी साखरपुड्याची तयारी केली. आन पोरगी आता न्हाई म्हनायली. का म्हणून विचारलं तर बुरूज पडायलाय म्हणती. आमच्या वालुरात कंचा बुरूज हाय? दोन रोज झाले जेवली न्हाई. शेवटी चुलतीनं सांगितलं, तुमच्याच घरी बघून आली म्हणून. मी चुडाव्याला न्हाई म्हणून कळवून बसलो ना आता. एका घरात एकानं जुळवायचं आन एकानं मोडायचं, ह्याला काय म्हणावं?"

दादांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "अर्चना, बाहेर ये."

माणसं असताना पुढच्या खोलीत मला बोलावण्याची ती पहिली वेळ. मी मांडीवरची ज्वारी झटकायला विसरले. दादांनी एवढंच विचारलं, "तू सांगितलंस?" मी हो म्हणाले. ते रागावतील म्हणून मी पायाकडे बघत उभी होते, पण ते गणपतरावांकडे वळले आणि म्हणाले, "दोन दिवस द्या. मी बघतो." गणपतराव माझ्याकडे न बघता गेले. दादा आत आले नाहीत, पंचांग मिटून नुसते बसून राहिले. आई मात्र बोलली. "पोरगी आली होती, तिला आधी चहा दिलास, काय गं, कशी आहेस विचारलंस? बसली की पत्ते."

दुसऱ्या दिवशी मी सुरेखाच्या चुलतीच्या घरी गेले. ती मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिने पुन्हा नमस्कार केला, त्याने माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

"तुला शिकायचंय ना पुढे?" मी विचारलं. निदान एवढं तरी माझं बरोबर निघावं अशी माझी इच्छा होती.

"शिकायचंच हाय. ते शिकू देतो म्हणालेत की." तिने चादर पिळली. "बघायला आले तवा सगळे समोर बसले होते. माज्या हातची सुपारी घेतली आन हळूच विचारलं, आमचं क्वार्टर रुळाला लागून हाय, गाडीच्या आवाजाचा त्रास होईल का तुमाला? तेवढंच विचारलं. मी म्हणलं, न्हाई होणार." तिने चादर दोरीवर टाकली. "मला बाकी कुणी असं कायी विचारलंच न्हाई कधी. म्हणून मी तुमच्याकडं आले. म्हणलं, पत्त्यातबी हो निघालं तर बरं."

मी खाली बसले, धुण्याच्या दगडावरच. तिला म्हणाले की पत्ते खोटे असतात. ते छापलेले कागद आहेत, मला काही कळत नाही, मी मनाचं सांगते. ती शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, "मग कमलबाईच्या घरच्यांची बदली कशी कळली?" मी सांगितलं, ती होणारच होती. ती म्हणाली, "तसंच. जे होणार तेच निघतंय ना मग." वर्षभर मी जो धंदा उभा केला होता तो इतका पक्का उभा राहिला होता की माझ्याच्याने तो पाडवेना. मी खोटं सांगितलं ते तिला खरं वाटलं आणि मी खरं सांगत होते त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

शेवटी तिनेच विचारलं, "पुन्हा बघता येत न्हाई का?"

"येतं," मी म्हणाले.

"तुमी तर म्हणला होता दुसरा काढायचा नसतो."

"तो विलायती जोडाचा नियम आहे."

"मग तुमी हातानं काढलेले आणा," ती म्हणाली. "त्या इंग्रजी बायांना आमच्याकडचं काय ठाव असणार?"

तो जोड मागणारी ती पहिलीच. मी घरी पळत गेले आणि घेऊन आले. वाटेत लबाडीचा विचार सुचला नाही असं नाही. चांगला पत्ता वर ठेवायचा आणि तिला वरचाच उचलायला लावायचा. पण चुलती समोर येऊन बसली, मला धीर झाला नाही, आणि मी सगळे पत्ते उलटे पसरून दिले. सुरेखा ओट्यावर मांडी घालून बसली. एरवी बायका डोळे मिटून झटकन एक ओढतात. तिने घाई केली नाही. पत्त्यांच्या पाठींवर जुन्या लग्नांचे तुकडे होते, अर्धा गणपती, कुणाचं अर्धं नाव, कलशाचा कोपरा, आणि ती एकेक नीट वाचत होती, वर्गात फळा वाचायची तशी. मग तिने एक उचलला. दोन तांबे शेजारी शेजारी, काठोकाठ भरलेले.

हा पत्ता लग्नाचा म्हणून मी तो हौसेने सगळ्यांना दाखवलेला होता. सुरेखानेही तो आधी बघितला असेल. त्याच्या पाठीवर "शुभ" एवढाच शब्द राहिला होता, "विवाह" कात्रीत गेला होता. तिने तो ओळखून उचलला की हाताला लागला म्हणून, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. चुलतीने मान वाकवून बघितलं आणि म्हणाली, "हे तर चांगलं दिसतंय." सुरेखा हसली नाही. उठून आत गेली आणि ताट वाढून घेऊन बाहेर येऊन जेवायला बसली.

तिचा प्रश्न सुटला, पण चुडाव्याला "नाही" असं कळवलेलं होतं. दादांनी सकाळी धोतर बदललं, कोट चढवला आणि मला म्हणाले, "चल." आम्ही मानवत रोडला पॅसेंजर धरली. परभणी गेली, पूर्णा गेली, दादा खिडकीतून बाहेर बघत होते. आईने बांधून दिलेले धपाटे मांडीवर तसेच होते. ते मला काहीतरी विचारतील, निदान बोलतील, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती उत्तरं चुडाव्याला माझ्यासोबत उतरली.

मुलाचं घर खरंच रुळाला लागून होतं. मुलाचे वडील दारात खाटेवर बसले होते. त्यांना आमचं येणं आवडलं नव्हतं, पण दारी आलेल्या महाराजांना उठून "बसा" म्हणणं त्यांना भाग होतं. पाणी झालं. दादांनी पंचांग पिशवीतून काढलंच नाही. म्हणाले, "तुमच्या मुलाच्या पत्रिकेत माझं गणित चुकलं होतं. मुलीच्या घरच्यांना शंका आली ती माझ्यामुळं. आता पुन्हा बघितलं. काही दोष नाही. दोष होता तो माझा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. दादांचं गणित चुकलं असं त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुकानाच्या बिलातली चूकसुद्धा ते दुकानदाराची ठरवायचे.

म्हातारबाबांनी खाटेची दोरी चाचपली. "महाराज, तुमचंच गणित चुकायलं तर आमी भरोसा कुनावर ठिवायचा?"

दादा म्हणाले, "खरं आहे."

तेवढ्यात मुलगा आतून आला. माधव त्याचं नाव. उन्हाने रापलेला, कामावरून नुकताच आलेला, पायांना खडीची धूळ. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "गणिताचं जाऊ द्या महाराज. तिला पायजे का न्हाई, तेवढं सांगा."

अठ्ठावीस गुण त्यांनी बोटावर मोजले होते, नाडी बघितली होती, मंगळ बघितला होता. हे त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे वळले, आणि सगळे माझ्याकडे वळले.

"पाहिजे," मी म्हणाले. "गाडीच्या आवाजाचा त्रास होणार नाही म्हणाली."

माधवचे कान लाल झाले. तो आत निघून गेला. म्हातारबाबांनी त्याच्या पाठीकडे बघितलं, मग दादांकडे, आणि हाक मारली, "अगं, चहा टाक दोघांला."

परतीच्या गाडीत पूर्णेपर्यंत आम्ही धपाटे खाल्ले. दह्याची वाटी एकच होती, ती दादांनी मधे ठेवली. पूर्णा सोडल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पोरीला तू आधी विचारलं होतंस का, तुला काय पाहिजे म्हणून?"

"नाही."

ते हात पुसत राहिले. "मीबी नाही विचारलं," ते म्हणाले.

लग्न झालं. आम्हाला बोलावणं होतं, दादा गेले, मंगलाष्टकं दुसऱ्या गुरुजींनी म्हटली. चुडाव्याच्या लोकांनी बातमी वालूरपर्यंत नीट पोचवली होती की मानवतच्या महाराजांचं गणित आताशा चुकतं. त्या भागातून येणं थांबलं. माझ्याकडे मात्र रीघ लागली, कारण सुरेखाच्या चुलतीने सांगितलं होतं की जोशांच्या पोरीचे हातचे पत्ते मोडलेलं लग्न जुळवतात. मी सगळ्यांना परत पाठवलं. अगदीच कोणी हटून बसलं तर आधी चहा द्यायची आणि मग इतके प्रश्न विचारायची की पत्ते काढायची वेळच यायची नाही. त्याने बायका बेजार व्हायच्या. एक जण तर म्हणाली, मीच सगळं सांगायचं तर तू कशाला?

दादांचं याहून वाईट झालं. त्यांनी नवीनच खूळ घेतलं. कोणी दोन पत्रिका घेऊन आला की ते पत्रिका उघडायच्या आधी विचारायचे, मुलीला आणलंय का? लोकांना आधी वाटलं की काही नवा विधी आहे. मग कळलं की नाही, महाराजांना तिच्याशी बोलायचंय, आणि ते लोकांना अजिबात रुचलं नाही. त्या उन्हाळ्यात मोंढ्यातले एक मोठे आडतदार आले, घरची गाडी दारात, बरोबर दोन माणसं. आईने चांगल्या कपबश्या काढल्या. मी दाराआडून ऐकत होते.

"मुलीला आणलंय का?" दादांनी विचारलं.

"तिला कशाला?"

"तिचं काय म्हणणं आहे ते विचारावं म्हणतो."

"महाराज, तिचं म्हणणं बघायला आम्ही तुमच्याकडं आलो नाही. तुम्ही गुण सांगा."

"गुण सांगतो की. आधी तिला घेऊन या."

आडतदारांनी हसून बघितलं, मग हसणं थांबवून बघितलं, आणि पत्रिका उचलून उठले. गावात दुसरे जोशी होते. गाडी वळल्याचा आवाज आला. आई चहाचा ट्रे घेऊन दारात तशीच उभी राहिली. कोणावर रागवावं हे तिला ठरवता येत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आता हा कोण पिणार?" ती म्हणाली.

"ठेव इथं," दादा म्हणाले. "अर्चना, बस."

मी त्यांच्या समोर, आडतदार बसले होते त्या जागी बसले. कपबशी हातात घेतली. पुढच्या खोलीत बसून दादांबरोबर चहा प्यायची सवय नव्हती. दादा म्हणाले, "तू हल्ली आधी विचारतेस म्हणे. कसं विचारतेस?"

"काही नाही. सरळच. तुम्हाला काय पाहिजे, म्हणून."

"हूं," दादा म्हणाले. हा "हूं" मी आधी ऐकलेला नव्हता. मग म्हणाले, "मला विचार."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. चष्मा काढून त्यांनी चौरंगावर ठेवला होता आणि पंचांग बाजूला सारलं होतं. मी बशी खाली ठेवली.

"दादा, तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते थांबले. दाराकडे बघितलं, मग भिंतीवरच्या त्यांच्या वडिलांच्या फोटोकडे, मग माझ्याकडे. बाहेर जिनिंग चालू होतं. आई रिकामा ट्रे घेऊन तिथेच उभी होती, तीही थांबली होती. माझा चहा संपला. त्यांच्या चहावर साय धरली, आणि दादा अजून विचार करत होते.